गिटार अँपचा स्पीकर बदलताना

गिटारवाल्यांचे पैसे साधारण एकाच क्रमाने खर्च होतात. आधी गिटार, मग पेडल, मग आणखी पेडल, मग पिकअप. अँपमधल्या स्पीकरचा नंबर फार उशिरा लागतो, पुष्कळांच्या बाबतीत लागतच नाही. वास्तविक तारेपासून कानापर्यंतच्या साऱ्या साखळीत हवा हलवणारी वस्तू तेवढी एकच. स्पीकरला जे वाजवता येत नाही ते पेडलांची रांग लावूनही ऐकू येत नाही, आणि तो स्वतःहून जे वाढवतो ते ट्रेबलचे बटण कितीही फिरवले तरी पुरते जात नाही.

इथे मुख्यतः १२ इंची स्पीकरच्या कॉम्बो अँपचा विचार केला आहे. निवडीचा क्रम माझ्या मते असा असावा: आधी आकडे, मग स्वभाव. बहुतेक जण उलट करतात. आवडत्या गिटारिस्टच्या अँपमध्ये कुठला स्पीकर होता ते शोधून तोच मागवतात, आणि बसवल्यावर कळते की त्या स्पीकरला आपला अँप झेपत नाही, किंवा आपल्या खोलीला तो स्पीकर.

गिटारचा स्पीकर वेगळा का असतो

घरच्या स्टीरिओतल्या स्पीकरचे काम रेकॉर्डिंग जसे आहे तसे ऐकवणे. गिटारच्या स्पीकरकडून तशी अपेक्षाच नसते. तो वाद्याचाच भाग असतो. त्याला वेगळा ट्वीटर नसतो, पातळ कागदाचा एकच कोन असतो आणि सुमारे ५ किलोहर्ट्झच्या वर त्याचा आवाज झपाट्याने उतरतो. हा उतार फार मोलाचा आहे. अँप ओव्हरड्राइव्ह झाला की वरच्या पट्टीत पुष्कळ किरकिर तयार होते, ती इथे गाळली जाते. तोच सिग्नल सरळ हेडफोनमध्ये सोडून पाहा, दोन मिनिटांत काढून ठेवाल. खालच्या बाजूला गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झच्या आसपास वाजते, त्यामुळे बहुतेक गिटार स्पीकरांची स्वतःची अनुनाद वारंवारिता ७५ हर्ट्झच्या जवळपास ठेवलेली असते. त्याहून खाली जाण्याची गरज नसते.

शिवाय हा पातळ कोन जोरात ढकलला की एकसंध हलत नाही, ठिकठिकाणी वाकतो आणि आवाज फुटायला लागतो. हे फुटणे गिटारिस्टला हवेच असते. १९६४ मध्ये द किंक्सच्या डेव्ह डेव्हिसने तर छोट्या अँपच्या स्पीकरचा कोन ब्लेडने चिरून ‘यू रिअली गॉट मी’चा तो प्रसिद्ध खरखरीत आवाज काढला. अनुकरण करू नये, पण स्पीकर किती बोलतो याचा याहून सोपा पुरावा नाही.

म्हणूनच मंडपवाल्यांकडचा किंवा बाजारात सहज मिळणारा १२ इंची पीए वूफर गिटार अँपमध्ये बसवण्याचा मोह टाळावा. मापाने तो बसतो, वॉटही भरपूर असतात, किंमतही परवडते. पण त्याचा कोन जाड आणि जड असतो, वरच्या सुरांसाठी शेजारी हॉर्न असणार हे गृहीत धरलेले असते, आणि तो सहसा फुटत नाही. गिटार त्यातून घोंगडी पांघरल्यासारखी वाजते.

आधी फुकटचे उपाय

स्पीकर काढण्याआधी अँप तिरपा करून ऐका. १२ इंची कोन वरचे सूर सरळ पुढे झोतासारखे फेकतो. अँप जमिनीवर आणि वाजवणारा उभा, अशा वेळी तो झोत गुडघ्यांवर जातो. वाजवणाऱ्याला आवाज बोदा वाटतो म्हणून तो ट्रेबल वाढवतो आणि पहिल्या रांगेतल्या श्रोत्यांचे कान सोलून निघतात. अँप खुर्चीवर ठेवून किंवा मागे कलता करून ऐकल्यावर निम्म्या तक्रारी मिटतात. जुने व्हॉल्व्ह, सैल झालेले स्क्रू, थरथरणारी मागची फळी हेही तपासावे.

अँपला बाहेरच्या स्पीकरसाठी जोडणी असेल तर मित्राच्या कॅबिनेटवर वाजवून पाहणे ही सर्वांत चांगली परीक्षा, फक्त ओहम जुळले पाहिजेत. मॉडेलर किंवा कॉम्प्युटर वापरणाऱ्यांना निरनिराळ्या स्पीकरांचे इम्पल्स रिस्पॉन्स लावून अंदाज घेता येतो. मात्र ते माइक कोनाजवळ धरून घेतलेले असतात. दोन स्पीकरांतला फरक त्यावरून कळतो, तुमच्या खोलीत तो कसा वाजेल ते कळत नाही.

आणि १० वॉटचा साडेसहा इंची सरावाचा अँप असेल तर विषय तिथेच सोडावा. चांगला स्पीकर जवळपास अँपच्याच किमतीत जातो आणि तो छोटा खोका त्याला न्याय देत नाही.

ओहम: इथे तडजोड नको

स्पीकर ४, ८ किंवा १६ ओहमचे मिळतात. एकच मॉडेल ८ आणि १६ अशा दोन्ही प्रकारांत विकले जाते, त्यामुळे मागवताना घोटाळा सहज होतो. जुन्या स्पीकरच्या चुंबकामागे किंवा अँपच्या मागच्या पट्टीवर जो आकडा आहे तोच नव्याचा असावा.

व्हॉल्व्ह अँपमध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर ठरावीक भारासाठी बांधलेला असतो. भार न जुळला तर व्हॉल्व्हवर किंवा ट्रान्सफॉर्मरवर ताण येतो. काही अँप एका पायरीचा फरक सहन करतात, पण आपला अँप त्यांतला आहे हे गृहीत धरू नये. स्पीकर न जोडता व्हॉल्व्ह अँप वाजवणे तर कधीच नको, ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. ट्रान्झिस्टर अँपचा नियम वेगळा आहे. त्यावर लिहिलेल्या किमान ओहमच्या खाली जायचे नाही. वर गेले तर धोका नाही, फक्त ताकद कमी मिळते.

जुन्या बाजारातून स्पीकर घेताना मल्टिमीटर सोबत ठेवा. ८ ओहमच्या स्पीकरवर तो साधारण ६ ते ७ दाखवतो, १६ च्या स्पीकरवर १२ ते १३ च्या आसपास. हा केवळ आतल्या कॉइलच्या तारेचा रोध असतो, म्हणून तो नेहमी थोडा कमीच येतो. काटा किंवा आकडा हललाच नाही तर कॉइल तुटली आहे.

या ८ ओहममध्येही एक मेख आहे. तो नावापुरता आकडा असतो. अनुनादाच्या जागी प्रत्यक्ष इम्पिडन्स कित्येक पटींनी चढतो आणि वरच्या सुरांकडे पुन्हा वाढत जातो. जिथे इम्पिडन्स चढतो तिथे व्हॉल्व्ह अँपच्या आउटपुटचा व्होल्टेजही चढतो, म्हणून खर्ज आणि ट्रेबल आपोआप उठून येतात. बहुतेक ट्रान्झिस्टर अँपमध्ये हा परिणाम कमी असतो. त्यामुळे व्हॉल्व्ह अँपमध्ये स्पीकर बदलल्याचा फरक अधिक ठळक ऐकू येतो.

वॉट: स्पीकरला किती झेपते

स्पीकरवरचे वॉट म्हणजे तो किती मोठा वाजेल ते नव्हे. कॉइल न जळता तो किती उष्णता पेलेल याचा तो अंदाज. अँपच्या वॉटपेक्षा स्पीकरचे वॉट जास्त हवेत. किती जास्त, हे वाजवण्यावर ठरते. १५ वॉटचा व्हॉल्व्ह अँप पूर्ण चढवला की लाटेची टोके कापली जातात आणि प्रत्यक्ष बाहेर येणारी ताकद दुपटीकडे जाऊ शकते. असे वाजवणार असाल तर ३० वॉटचा स्पीकर घ्या. नेहमी स्वच्छ वाजवणाऱ्याला एवढ्या फरकाची गरज नाही.

जुन्या काळी हे पथ्य फारसे कोणी पाळले नाही. व्हॉक्सच्या एसी ३० या ३० वॉटच्या अँपमध्ये सेलेस्टियन या ब्रिटिश कंपनीचे १५ वॉटचे दोन ब्लू स्पीकर असत, बेरीज बरोबर ३०. मार्शलच्या १०० वॉटच्या हेडखाली सेलेस्टियनचेच २५ वॉटचे चार ग्रीनबॅक. आवाज सुरेख, राखीव जागा शून्य, आणि स्पीकर जळतही. आज सेलेस्टियनचाच अल्निको गोल्ड हा ५० वॉटचा स्पीकर मिळतो, तो अशाच जागांसाठी.

उलट टोकाला जाऊनही चालत नाही. इलेक्ट्रो-व्हॉइसचा ईव्हीएम १२ एल २०० वॉट पेलतो. ५ वॉटच्या अँपला तो जोडला तर खणखणीत, स्वच्छ आवाज मिळेल, पण त्याचा कोन फुटणार नाही. ते हवे असेल तर उत्तमच.

डेसिबल: कोणी न वाचणारा आकडा

माहितीपत्रकात वॉटच्या खाली सेन्सिटिव्हिटीचा आकडा असतो: १ वॉट दिला असता १ मीटरवर किती डेसिबल. विकत घेणाऱ्यांपैकी फार थोडे त्याकडे पाहतात. मी सर्वांत आधी तोच पाहीन.

ताकद दुप्पट केली की आवाज ३ डेसिबलने वाढतो. म्हणजे ९७ डेसिबलचा स्पीकर काढून १०० चा बसवणे आणि १५ वॉटच्या अँपऐवजी ३० वॉटचा घेणे, कानाला दोन्ही सारखेच. पहिले अर्थातच स्वस्त. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, तरी ढोलताशांएवढ्या जोरात वाजवणाऱ्या ड्रमरशी झुंजताना ३ डेसिबलही पुष्कळ होतात.

सेलेस्टियनची काही उदाहरणे: ब्लू १०० डेसिबल, व्हिंटेज ३० सुद्धा १००, ग्रीनबॅक ९८, क्रीमबॅकमधला जी १२ एम-६५ हा ९७. फ्लॅटमध्ये ४० वॉटचा अँप वाजवणाऱ्याने १०० चा स्पीकर घेतला तर व्हॉल्यूमचे बटण दीडच्या पुढे जाणार नाही आणि शेजारी दार वाजवतील. त्याने ९७ कडे वळावे. एक सावधगिरी: प्रत्येक कंपनीची मोजण्याची रीत थोडी वेगळी असते. एकाच कंपनीच्या दोन स्पीकरांची तुलना निश्चिंतपणे करा; दोन कंपन्यांची करताना डेसिबलभराचा फरक सोडून द्या.

दुसरा घोटाळा इथेच होतो. दोन स्पीकर पाठोपाठ ऐकले की मोठा वाजणारा नेहमी चांगला वाटतो. तुलना करायची तर आवाज जुळवून घ्यावा.

कोन, कॉइल आणि चुंबक

आता स्वभावाकडे. चुंबकावर गिटारवाले तासन्‌तास बोलतात. अल्निको म्हणजे अॅल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट यांचा मिश्रधातू. तो गोड, दबत जाणारा आवाज देतो असे म्हणतात. सिरॅमिक म्हणजे फेराइट, तो जास्त थेट आणि घट्ट वाजतो असा समज आहे. सिरॅमिक स्वस्त असल्याने १९६० च्या दशकातच पसरला होता. १९७० च्या दशकाच्या शेवटी काँगोतल्या, म्हणजे तेव्हाच्या झैरमधल्या, अशांततेने कोबाल्टचे भाव भडकले आणि अल्निको आणखी मागे पडला. तिसरा निओडिमियम, आवाजापेक्षा पाठीसाठी उपकारक. त्याचे स्पीकर तशाच सिरॅमिक स्पीकरच्या जवळपास निम्म्या वजनाचे असतात. लोकलमधून अँप नेणाऱ्याला हे सांगायला नको.

माझे मत असे की चुंबकाला गरजेपेक्षा जास्त श्रेय मिळते. त्याचा आकार किती मोठा, हे तो कशाचा आहे याहून अधिक बोलते. मोठे चुंबक कोनाला घट्ट धरते, खर्ज आवळलेला येतो. लहान चुंबकात तो सैल आणि फुगीर होतो. सेलेस्टियनच्या जी १२ एम आणि जी १२ एच यांत ३५ औंस विरुद्ध ५० औंस हा चुंबकाचाच फरक आहे, आणि दोन्ही शेजारी ठेवून वाजवले तर कुणालाही कळतो.

खरा आवाज कोनाचा. पातळ, नालीदार कागदाचा कोन लवकर फुटतो. गुळगुळीत, जाडसर कोन उशिरा. कोनाच्या कडेला चिकट द्राव लावलेला असेल तर आवाज थोडा मऊ होतो. तागासारख्या भांग-धाग्याचे कोनही मिळतात, एमिनन्सचा कॅनाबिस रेक्स त्यांतला. ट्रेबल टोचत असलेल्या अँपसाठी तो चांगला उतारा आहे. मधली टोपी मोठी की लहान, कागदाची की कापडाची, याने वरच्या सुरांचे टोक बदलते.

काही घराणी

ब्रिटिश बाजूला सेलेस्टियन. ब्लूमध्ये घंटेसारखा वरचा नाद आणि मिडमध्ये मऊपणा आहे. ग्रीनबॅकचा खर्ज सैल, मिड भरदार, वरचे टोक गोलसर. १९६० च्या दशकातल्या ब्रिटिश रॉकचा मोठा भाग त्यातून वाजला. व्हिंटेज ३० हा १९८० च्या दशकात आला. तो ३० नव्हे, ६० वॉटचा आहे. त्याच्या वरच्या मिडमध्ये एक ठळक उंचवटा आहे. बँडच्या गर्दीत गिटार त्यामुळे पुढे येते, पण आधीच चिरका असलेला अँप त्यामुळे अधिक चिरका होतो. जड, आवळलेल्या रिफ वाजवणाऱ्यांना तो प्रिय आहे.

अमेरिकन बाजूला जेन्सन. १९५० च्या दशकातल्या फेंडर अँपमध्ये हे स्पीकर असत. नावातला पी म्हणजे अल्निको, सी म्हणजे सिरॅमिक, मधला आकडा इंचांचा. पी १२ आर हा २५ वॉटचा, लवकर फुटणारा. सी १२ एन हा ५० वॉटचा, चमकदार आणि स्वच्छ. आजचे जेन्सन इटलीतल्या सिका या कंपनीत बनतात. केंटकी राज्यातल्या एमिनन्स गावी १९६६ साली सुरू झालेली एमिनन्स कंपनी स्वतःच्या नावाने स्पीकर विकतेच, शिवाय अनेक अँप कंपन्यांना पुरवते. तुमच्या अँपमध्ये कंपनीचा स्वतःचा शिक्का असलेला स्पीकर असेल तर तो मुळात तिथलाच असण्याची शक्यता बरीच.

ब्रिटिश अँपला ब्रिटिश स्पीकर आणि अमेरिकनला अमेरिकन, असे काही बंधन नाही. फेंडरच्या अँपमध्ये मिड कमी असतात. मिड भरून काढणारा ग्रीनबॅक घराण्यातला स्पीकर तिथे अनेकदा मूळच्यापेक्षा छान वसतो.

खोका

मागून उघड्या खोक्यात स्पीकरच्या मागची लाट फिरून पुढे येते आणि खर्जाचा काही भाग पुढच्या लाटेशी कटून जातो. आवाज मोकळा, खोलीभर पसरणारा. बंद खोक्यात खर्ज घट्ट आणि धक्का देणारा. सैल खर्जाचा स्पीकर लहान, मागून उघड्या कॉम्बोत बसवला तर तो आणखी सैल होतो; अशा खोक्याला मोठ्या चुंबकाचा स्पीकर सावरतो. काही वेळा मागची फळी थोडी रुंद करून घेतली की स्पीकर न बदलताही काम भागते. सुताराचा तासाभराचा खेळ आहे.

एक प्रत्यक्ष निवड

फेंडरचा हॉट रॉड डिलक्स घेऊ. ४० वॉट, ८ ओहमचा एक १२ इंची स्पीकर, मागून उघडा खोका. नेहमीच्या तक्रारी दोन: आवाज टोचतो, आणि व्हॉल्यूम जरा हलवला की लगेच फार मोठा होतो. मनात ग्रीनबॅक येतो, पण २५ वॉटचा एकटा ग्रीनबॅक इथे जळेल. तोच गोलसर स्वभाव क्रीमबॅक जी १२ एम-६५ मध्ये ६५ वॉटच्या क्षमतेसह मिळतो, आणि ९७ डेसिबलमुळे व्हॉल्यूमही थोडा आटोक्यात येतो. वॉटच्या हिशेबात व्हिंटेज ३० बसतो, पण दोन्ही तक्रारी वाढवतो. याच अँपवर स्वच्छ जॅझ वाजवणारा मात्र ईव्हीएमसारखा न फुटणारा स्पीकर घेईल आणि वजन सोसेल. व्हॉक्सच्या एसी १५ ची गोष्ट वेगळी: तिथे १६ ओहम लागतात, आणि कंपनीने स्वतःच हा अँप ग्रीनबॅक व ब्लू अशा दोन्ही स्पीकरांसह विकला. ब्लूची किंमत बरीच जास्त आहे. पंधरा वॉटच्या अँपला पंधरा वॉटचा स्पीकर लावून पूर्ण चढवणार असाल तर पाकीट आणि काळीज दोन्ही घट्ट हवे.

दोन स्पीकरांच्या खोक्यात दोन वेगळे स्पीकर लावण्याची पद्धत चांगली आहे. व्हिंटेज ३० आणि ग्रीनबॅक ही जोडी लोकप्रिय आहे. एकाच्या उंचवट्यावर दुसऱ्याचा मऊपणा. ओहम सारखेच हवेत, नाहीतर ताकद विषम वाटली जाते. एकूण क्षमता दुबळ्या स्पीकरच्या दुप्पट धरावी, म्हणजे इथे ८५ नव्हे, ५०. दोन ८ ओहम समांतर जोडले तर ४, एकापुढे एक जोडले तर १६.

बसवताना

अँप बंद करून प्लग काढा. व्हॉल्व्ह अँपची चासी उघडू नका. त्यातल्या कपॅसिटरमध्ये बंद केल्यावरही जीवघेणा व्होल्टेज राहू शकतो. स्पीकर बदलायला ती उघडावी लागतही नाही. नव्या स्पीकरची खोली आधी मोजा, कारण मोठे चुंबक ट्रान्सफॉर्मरला किंवा व्हॉल्व्हला अडू शकते. धन आणि ऋण टोके जुन्याप्रमाणे जोडा. शंका असेल तर दीड व्होल्टचा सेल टोकांना क्षणभर लावा: सेलचे धन टोक स्पीकरच्या धन टोकाला असेल तर बहुतेक स्पीकरांचा कोन पुढे सरकतो. एकाच स्पीकरला उलटे जोडून फारसे बिघडत नाही, पण दोन असतील आणि एक उलटा असेल तर खर्ज गायब होतो. नट समोरासमोरचे आलटून पालटून आणि बेताने आवळा. जास्त आवळल्यास फ्रेम वाकते आणि कॉइल घासू लागते. स्क्रूड्रायव्हर निसटून कोनातून आरपार जाणे हा या कामातला सर्वांत सामान्य अपघात आहे, म्हणून कोनावर पुठ्ठा धरा.

नवा स्पीकर पहिल्या दिवशी ताठ आणि थोडा टोकदार वाजतो. काही तास नीट वाजवल्यावर त्याची कड सैल होते आणि खर्ज उघडतो, तोवर निकाल देऊ नये. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात अँप महिनोन्‌महिने बंद ठेवू नये. कागदाला बुरशी आणि जोडण्यांना गंज लागतो. काढलेला मूळ स्पीकर नव्याच्या रिकाम्या खोक्यात जपून ठेवावा. अँप विकताना मूळ स्पीकरसह भाव चांगला येतो, आणि नव्याची कॉइल ऐन कार्यक्रमाच्या आठवड्यात जळाली तर तोच कामाला येतो.